कोपरा नसलेलं पाकीट

सहदेवभाऊंना घराबाहेर काढायचं म्हणजे आधी त्यांच्या गुडघ्यांशी बोलणी करावी लागतात. चौतीस वर्षं हा माणूस उभा होता. रेल्वेच्या टपालडब्यात, हलत्या गाडीत, पत्रांच्या खान्यांसमोर, भुसावळहून नागपूर आणि नागपूरहून भुसावळ. निवृत्त झाल्यावर जे खुर्चीत बसले ते बसलेच. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्यापासून दोन घरं सोडून त्यांचं घर. सकाळी ओट्यावर खुर्ची, दुपारी आत पलंग, संध्याकाळी पुन्हा ओट्यावर खुर्ची. कोणी विचारलं, कसं काय सहदेवभाऊ, की उत्तर ठरलेलं: "थकलो ना बावा." साखर नाही, बीपी नाही, काही नाही. नुसते थकलेले आहेत, आणि ते सांगायची त्यांना लाजही वाटत नाही.

मी पोस्टाच्या काउंटरवर होतो. तिकिटं विकली, मनिऑर्डरी घेतल्या, लोकांची बोलणी खाल्ली. काउंटरवाले आणि डब्यातले सॉर्टर यांचं आमच्या खात्यात सासू-सुनेचं नातं. चूक झाली की ती कायम दुसऱ्याची. तरी सहदेवभाऊंना मी मानत आलो, ते त्यांच्या एका नियमामुळे. पत्ता वाचायचा, पत्र वाचायचं नाही.

नियम सगळ्यांनाच असतो, पण पुस्तकात. पोस्टकार्ड उघडंच असतं, डोळे काय खिशात ठेवायचे? डब्यातली मंडळी पत्रं वाचून हसायची, जावयांची भांडणं एकमेकांना सांगायची. सहदेवभाऊ कार्डाची फक्त पत्त्याची बाजू बघायचे, ती बघायला त्यांना एक सेकंद लागायचा आणि कार्ड खान्यात. त्यांच्या बायकोला, चतुराबाईंना, ह्याचा अजून राग आहे. त्या पहिल्या बाळंतपणाला दर्यापूरला माहेरी गेल्या होत्या. बाळंत झाल्याचं कार्ड भावानं टाकलं, आणि ते फिरत फिरत नेमकं ह्यांच्याच हातात आलं. अक्षर ओळखीचं, नाव स्वतःचं. कार्ड उलटं केलं की मुलगा की मुलगी ते समजणार. ह्यांनी पत्ता वाचला, अकोला, जुने शहर, आणि कार्ड अकोल्याच्या खान्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमननं ते घरी आणून दिलं, तेव्हा ह्यांना कळलं की मुलगी झाली.

"बापाले पोरीची खबर एक दिवस आधी भेटली असती," चतुराबाई आजही मला ऐकवतात.

"तवा ते पत्र माहं नव्हतं," सहदेवभाऊ खुर्चीतून म्हणतात. "पोचेस्तोवर ते टपालाचं असते."

मी त्यांना वेडा म्हणत आलो. पण असलं वेड सगळ्यांना झेपत नाही, हेही खरं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कोणी गेलं, की त्या बातमीच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवायची रीत होती. असं पत्र घरात नेत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. सहदेवभाऊंच्या हातात रोज अशी दहा-पंधरा कार्डं यायची. ती ते गठ्ठ्यात सगळ्यात वर बांधायचे, म्हणजे त्या गावच्या पोस्टमनच्या हाती आधी लागावीत. कोण गेलं ते वाचायचं नाही, पण उद्या कोणत्या गावात रडारड आहे हे ह्यांना आजच ठाऊक. चौतीस वर्षं असं. लोक म्हणतात गुडघे गेले. मला वाटतं, ते ह्यानं थकले.

तर अशा माणसाला मी गेल्या पौषात अंजनगाव सुर्जीला नेलं, आणि त्याला कारण झाली करिश्मा.

करिश्मा आमच्या वरच्या खोलीत राहते, कृषी विद्यापीठात शिकते. घरची अंजनगावची, औषधी पानपिंपळीचा मळा आहे. एक दिवस तिनं मला मोबाइलवर एका जुन्या पाकिटाचा फोटो दाखवला. फोटो घाईत काढलेला, अर्धा अंधारात. पाकिटाचा एक कोपरा नव्हता. मधोमध जांभळा इंग्रजी शिक्का होता, विमान अपघातात खराब झालेलं, अशा अर्थाचा. खाली पेन्सिलीच्या ओळी होत्या, त्या तिला लागत नव्हत्या. मलाही लागल्या नाहीत, कारण ती मोडी होती.

शिक्का मात्र मला माहीत होता. जुन्या साहेबांकडून ऐकलेलं. एके काळी चार दिशांच्या मोठ्या शहरांतून टपालाची विमानं निघायची, नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत परत जायची. साधं पाकीटसुद्धा विमानानं यायचं, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊकही नसायचं. त्यातलं एखादं विमान पडलं, की आमच्या खात्याची माणसं चिखलातून, राखेतून थैल्या वेचायची, पत्रं वाळवायची, प्रत्येकावर शिक्का मारायची आणि पुढं धाडायची. आता हौशी लोक अशी जळकी पाकिटं शोधत फिरतात.

"काका, आमचे मोठे पणजोबा होते त्या विमानात," करिश्मा म्हणाली, आणि म्हणताना ती जरा ताठ बसली.

तिच्या पणजोबांचे थोरले भाऊ नत्थुजी. सत्तर वर्षांपूर्वी ते एका व्यापाऱ्याबरोबर पिंपळीची पोती घेऊन कलकत्त्याला गेले, तिथं गोदामात मोजणीला राहिले, आणि परत येताना विमान पडून वारले. अंजनगावातला विमानात बसलेला पहिला माणूस. तेव्हापासून त्या घराला गाव विमानवाले म्हणतं. हे पाकीट त्यांच्या बायकोजवळ होतं. मैनाबाई, वय शहाऐंशी, डोक्यानं अजून तल्लख. करिश्माला ते कॉलेजच्या प्रदर्शनात मांडायचं होतं. म्हातारी कोणाच्या हाती देत नव्हती. तिनं अट घातली होती: टपालातला मानूस आन, त्याले एक गोठ इचारायची हाय, मंग देतो.

मोडी वाचणारा टपालातला माणूस माझ्या ओळखीत एकच. नोकरीला लागले तेव्हा डब्यातल्या एका म्हाताऱ्या सॉर्टरनं त्यांना शिकवली होती, कारण खेड्यापाड्यातले जुने लोक तेव्हा अजून मोडीत पत्ते घालायचे.

"तू जा," सहदेवभाऊ म्हणाले. "मी थकलो."

"मी तिकिटं विकली आयुष्यभर. मले काय समजते त्यातलं?"

"मंग म्हातारीले इकडं आना."

चतुराबाईंनी आतून सुनावलं, "जाऊन या जरा. त्या खुर्चीले बी आराम भेटू द्या." तेव्हा कुठं साहेब उठले.

एसटीनं अकोटवरून गेलो. खिडकीशी जागा मिळूनही सहदेवभाऊ खिडकीबाहेर बघत नव्हते. गुडघ्यावर हात ठेवून बसले होते आणि दर फाट्यावर विचारत होते, परतीची गाडी कितीची. चारची, मी सांगायचो. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. मलाही कंटाळा आला होता, खोटं कशाला बोला.

घर सापडायला त्रास पडला नाही. दारात ट्रॅक्टर, ट्रॉलीच्या मागं मोठ्या अक्षरात 'विमानवाले', आणि बाजूला पंख फुटलेलं, माशासारखं दिसणारं एक विमान रंगवलेलं. करिश्माचे आजोबा रामराव पुढं आले. चौसष्ट-पासष्टचा दणकट माणूस, खांद्यावर दुपट्टा. पाणी द्यायच्या आधी त्यांनी विमानवाल्या मोठ्या बाबांची गोष्ट सांगायला घेतली. त्यांच्या जन्माच्या आधीची गोष्ट, पण सांगण्यात अशी बहार, की जणू विमानात हे शेजारच्या खुर्चीवर होते.

अंगणात चादरींवर पानपिंपळी वाळत घातली होती. वासानं नाक झणझणत होतं. त्या चादरींच्या कडेला एक लहानशी बाई बसून हातानं पिंपळी वरखाली करत होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिनं मान वर करून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि सहदेवभाऊंना बरोबर ओळखलं.

"टपालातले तुमीच ना?"

"होतो आजी. आता नाई."

"चालते. बसा."

ती उठली, भिंतीला हात लावत आत गेली. बराच वेळ लागला. परत आली तेव्हा हातात धुवट फडक्याची एक घडी होती. ती मांडीवर ठेवून, न उलगडताच, तिनं बोलायला सुरुवात केली.

"मी पंधरा वर्साची होती. सासरा ओट्यावर बसला होता, अन मी आत भाकरी टाकत होती. पोस्टमननं पाकीट आनलं, त्याले कोपरा नाई. सासऱ्यानं तिथंच बोंब मारली. मंग दवाखान्यातला कंपाउंडर बलावला, त्याले इंग्रजी ये. त्यानं शिक्का वाचला, म्हने इमान पडलं. आत कागद होता, त्याची शाई पान्यानं सारी धुऊन गेली होती. मंग काय पाह्यचं राह्यलं? कोपरा नाई, अन इमान पडलं. माह्या बांगड्या फोडल्या."

"नागपूरले कोनी गेलं नाई का, इचारायले?" सहदेवभाऊंनी विचारलं.

"कोन जाईन? पिंपळी तोडनीवर आली होती. दर्भाचा मानूस केला, जाळला, तेरवी केली. साऱ्या गावाले जेवन देल्लं." तिनं घडीवरून हात फिरवला. "सासऱ्यानं हे पाकीट फाडाले टाकलं होतं. रडारडीत कोनाचं ध्यान नव्हतं, मी उचललं. मयताचं पत्र घरात ठेवू नये, मले मालूम होतं. पन त्याच्या हातचं होतं ना भाऊ. दुसरं काय होतं माह्यापाशी?"

रामराव मध्येच म्हणाले, "मोठीमाय, चहा होऊ दे आधी."

"तू थांब रे रामा." ती सहदेवभाऊंकडेच पाहत होती. "पौषात हे आलं. फागनात त्याची पेटी आली. व्यापाऱ्याचा गडी घेऊन आला होता. मी मळ्यात होती, मी येईस्तोवर तो गडी निंगून गेला. लोखंडाची पेटी. तिले काजळी सुदा नाई. आत कपडे, धुतलेले, घडी घातलेले. त्याइले दवाखान्याचा वास. मी सासऱ्याले इचारलं, मानूस जळला, तं पेटी कशी नाई जळली? त्यानं सांगतलं, बाईच्या जातीनं जास्त इचारू नये. नाई इचारलं. सासरा मेला, देर मेला, कंपाउंडर मेला. आता कोनाले इचारू? म्हून तुमाले बलावलं. तुमाले शिक्का समजते. सांगा मले, तो होता का त्या इमानात?"

एवढीच तिची गोष्ट होती. सत्तर वर्षं सांभाळलेली.

तिनं घडी उलगडली आणि पाकीट सहदेवभाऊंच्या हातात दिलं. मातकट, कडेला तपकिरी झालेलं, घड्यांवर विरलेलं. त्यांनी सवयीनं आधी पत्ता पाहिला. मी त्यांना पत्ता वाचताना हजार वेळा पाहिलं आहे, एका सेकंदाच्या वर लागत नाही. ह्या वेळी त्यांचा अंगठा पेन्सिलीच्या ओळीखाली हळूहळू सरकला, शेवटाला गेला आणि परत पहिल्या अक्षरावर आला. मग त्यांनी कोपऱ्याची कड बोटानं चाचपली. हातानं फाडलेला कोपरा पांढरा, लव आलेला असतो. ही कड काळपट, करकरीत होती. तिथून कागद जळाला होता.

मला शिक्क्यावरूनच उमगलं होतं. असला शिक्का पत्रावर मारतात. ते पत्र विमानात होतं, एवढंच तो सांगतो, माणसाबद्दल काहीच सांगत नाही. आणि गोदामात पोती मोजणाऱ्याला विमानाचं तिकीट कोण काढून देणार? स्वतः येणारा माणूस पत्र कशाला टाकेल? पत्र जळालं तेव्हा नत्थुजी कलकत्त्यात चालते-बोलते होते. नंतर आजारी पडले असतील, दवाखान्यात गेले असतील, आणि घरून कोणी येईल म्हणून दाराकडे बघत राहिले असतील. घरच्यांनी त्यांना आधीच जाळून टाकलं होतं.

"सांगा ना भाऊ," रामराव हसत म्हणाले. "होतेच ना आमचे मोठे बाबा?"

सहदेवभाऊंनी रामरावांकडे पाहिलं, त्या ट्रॉलीवरच्या विमानाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "होते, आजी."

मला राग आला. आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. चारची गाडी मिळणार होती. म्हातारीला ह्या वयात कशाला छळायचं, असं मी स्वतःला समजावलं. आपला आळस आपण दया म्हणून खपवतो, मी तर काउंटरवर तो आयुष्यभर खपवला.

मैनाबाईंनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली.

"बरं झालं बावा," ती म्हणाली. "मले सत्तर वर्सं वाटे, तो कुटी तरी पडून राह्यला असन, आपल्या मानसाची वाट पाहत. अन आमी इकडं त्याच्या तेरवीचं जेवून राह्यलो होतो. घास उतरे नाई माह्या गळ्याखाली. पोळा असो का दिवाळी, हेच डोक्यात. आता सुटली मी."

रामरावांनी चहा आणायला हाक दिली. करिश्मानं पाकिटासाठी हात पुढं केला.

"नाई वं पोरी," म्हातारी म्हणाली. "तुले नाई देत. मयताचं पत्र जवान पोरीच्या हाती कशाले? सांभाळलं तेवढं लय झालं." ती सहदेवभाऊंकडे वळली. "तुमीच फाडा आता. टपालातल्या हातानं फाटू द्या. मंग मी न्हातो, अन झालं."

"आजी, फाडू नको ना," करिश्मा रडकुंडीला आली. म्हातारीनं तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

सहदेवभाऊंनी पाकीट दोन्ही हातांत आडवं धरलं. फाडायला एक हिसका पुरे होता, इतका तो कागद जीर्ण. मी त्यांच्या अंगठ्यांकडे बघत होतो. अंगठे जवळ आले, आणि तसेच राहिले. अंगणात कोंबड्या होत्या, त्यांना कोणीतरी हाकललं. सहदेवभाऊंनी पाकीट मांडीवर ठेवलं.

"मले हे फाडता येत नाई, आजी."

"काहून?"

"हे अजून पोचलं नाई."

रामराव मोठ्यानं हसले. "सत्तर वर्सं झाली भाऊ, त्याले घरात येऊन!"

"घरात आलं. ज्याच्या नावानं हाय, त्याले भेटलं नाई."

"सासऱ्याच्या नावानं असन," मैनाबाई म्हणाल्या. "तो तं कवाचा मेला."

सहदेवभाऊंनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. खरं तर गरज नव्हती, त्यांनी ते आधीच वाचलं होतं. डब्यात जोडीदाराला पत्ता ऐकवायचा असला की जो आवाज लावायचे, त्या सपाट, मोठ्या आवाजात त्यांनी वाचलं:

"सौभाग्यवती मैनाबाई यांस. पिंपळीची वाडी, अंजनगाव सुर्जी, जिल्हा उमरावती."

रामरावांचं हसणं थांबलं.

ज्यांना तो काळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा नवरा बायकोला पत्र लिहीत नसे. पत्र बापाच्या नावानं, तीर्थरूप म्हणून, आणि शेवटच्या ओळीत घरच्या मंडळींस आशीर्वाद. त्या मंडळींत बायको आली तर आली. पंधरा वर्षांच्या, अक्षरओळख नसलेल्या बायकोच्या नावानं पाकीट टाकायचं म्हणजे गावभर हसू. नत्थुजींनी ते टाकलं होतं. आतला कागद गोदामातल्या टाक-शाईनं लिहिला असेल, तो धुऊन गेला. नाव मात्र त्यांनी पोती मोजायच्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, आणि पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. आणि तेव्हा शाळेत मोडी शिकवत. त्या दिवशी ओट्यावर जमलेल्या माणसांपैकी कोणाला तरी ते नाव नक्की वाचता येत होतं. सगळ्यांनी कोपरा पाहिला, शिक्का पाहिला आणि बोंब मारली. आत भाकरी टाकणाऱ्या पोरीला कोणी सांगितलं नाही, की पत्र तुझं आहे.

"पुन्यांदा वाचा," मैनाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं.

"अजून एक डाव."

त्यांनी अजून एकदा वाचलं. ह्या वेळी आवाज तेवढा सपाट राहिला नाही.

"मैनाबाई कुटी लिवलं हाय? बोट ठेवा."

सहदेवभाऊंनी बोट ठेवलं. तिनं त्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. पिंपळी चोळून चोळून त्या बोटाच्या रेषा काळ्या झाल्या होत्या.

"माहं नाव लिवता ये त्याले," ती म्हणाली. "मले कधी सांगतलं नाई."

सहदेवभाऊंनी बोट काढून घेतलं. "आजी, मी मघाशी खोटं बोललो. पत्र इमानात होतं. तो नव्हता."

"काय बोलून राह्यले तुमी?" रामराव उठून उभे राहिले. "सारं गाव सांगते..."

"गावानं शिक्का पाह्यला. शिक्का पत्रावर असते भाऊ, मानसावर नसते. पत्र पुढं जाते, लिवनारा मागं राह्यते. हा कोपरा कोनी फाडला नाई, जळला. हे मयताचं पत्र नव्हतंच." ते पुन्हा म्हातारीकडे वळले. "आजी, हे लिवलं तवा तो जित्ता होता. पुढं काय झालं, कवा गेला, ते मले मालूम नाई. कागद धुऊन गेला. मले फक्त पत्ता वाचता येते."

मला वाटलं ती आता कोसळणार. मी करिश्माला डोळ्यानं खूण केली, की पाणी आण. म्हातारी तशीच बसून राहिली. तिच्या तोंडावरची सुटका मात्र गेली होती. दहा मिनिटं मिळाली होती तिला ती. आमच्याचकडून मिळाली आणि आम्हीच ती परत घेतली, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

"मंग वाट पाहे तो," ती म्हणाली.

"पाह्यली असन आजी."

"हं. मले वाटेच."

रामराव ट्रॉलीजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले. चहा आला, कोणी घेतला नाही. चार वाजायला आले होते, सहदेवभाऊंनी एकदाही गाडीचं विचारलं नाही. त्यांनी धुवट फडकं उचललं, पाकीट नीट त्यावर ठेवलं, मोडी अक्षरं वर येतील असं. मग दोन्ही हातांनी ते म्हातारीपुढं धरलं.

"घ्या. मैनाबाई तुमीच ना?"

"मीच."

तिनं ते घेतलं नाही लगेच. उजव्या हाताचा अंगठा पदराला खसखसून पुसला आणि त्यांच्यापुढं केला. निराधारचे पैसे घेऊन दर महिन्याला पोस्टमन येतो, तेव्हा तो मशीनवर अंगठा घेतो. टपालाकडून काही मिळायचं तर अंगठा द्यावा लागतो, एवढा व्यवहार तिला ठाऊक होता.

"मशीन आनली का? कुटी देऊ अंगठा?"

"साध्या पत्राले अंगठा लागत नाई, आजी," सहदेवभाऊ म्हणाले. "नाव पाह्यचं, अन हातात द्याचं. बस."

ती त्या पुढं केलेल्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिनं रिकाम्या ओट्याकडे पाहिलं.

"येवढंच होतं," ती म्हणाली, "तं मंग त्याइनं मले काहून नाई देल्लं?"